तडे गेलेले नाहीत, पाडलेले आहेत!

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या शोभेच्या वस्तूंवर लेख आला होता तो आधी मोठ्या आवडीने वाचला आणि मग कपाळाला हात लावला. चिनी मातीच्या फुलदाण्यांवर बारीक रेषांचं जाळं असतं ना, त्याबद्दल लेखात तीन गोष्टी ठोकून दिल्यात. एक, जाळं जितकं बारीक तितकी वस्तू जुनी, निदान शंभर वर्षांची तरी. दोन, जपानी लोक या रेषांमध्ये सोनं भरतात. तीन, रेषा तपकिरी झाल्या असतील तर भांडं रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा. तिन्ही चूक, आणि तिसरी तर नुकसान करणारी. मी स्वतः मातीकाम करते, चाक, भट्टी आणि ग्लेझच्या बादल्या यातच दिवस जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलं तर खुशाल कापा पण ब्लीचचा भाग तेवढा ठेवा.

आधी हे जाळं येतं कुठून ते बघू, कारण ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच. भाजलेल्या मातीवर काचेचा एक पातळ थर. भट्टी १३०० अंशांच्या आसपास असते तेव्हा तो वितळलेला असतो, मग भट्टी उतरायला लागली की घट्ट होतो आणि तिथून पुढे माती आणि ग्लेझ दोघंही आकसत जातात. दोघं सारखे आकसले तर प्रश्नच नाही. पण ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसणारं असेल तर ड्रेसचं अस्तर धुतल्यावर वरच्या कापडापेक्षा जास्त आटलं की कसं ओढ बसून उसवतं तसं होतं, फक्त काचेला शिवण नसते त्यामुळे ती जागा मिळेल तिथे फाटते. काच दाब मस्त सहन करते, ताण मात्र तिला अजिबात झेपत नाही. म्हणून रेषा. आणि उलटं झालं, म्हणजे ग्लेझ मातीपेक्षा थोडं कमी आकसलं, तर ते दाबाखाली राहतं आणि भांडं उलट जास्त मजबूत होतं, रोजच्या वापराच्या चांगल्या क्रॉकरीत हेच मुद्दाम साधलेलं असतं. पण तेही अति झालं तर काठावरून आणि कानावरून ग्लेझचे टवके उडतात, ते त्याहून वाईट.

आता हे आकसणं कमीजास्त करायच्या चाव्या आमच्याच हातात असतात. ग्लेझमध्ये सोडा आणि पोटॅश जास्त घातले, म्हणजे बहुतेक वेळा फेल्डस्पार (एक खनिज दगड) वाढवला, की ते जास्त आकसतं आणि जाळं पडतं, सिलिका, म्हणजे गारेची पूड, वाढवली की आकसणं कमी होतं आणि जाळं जातं. माती तीच, भट्टी तीच. दोघांच्या आकसण्यात फरक थोडा असेल तर मोठी मोठी घरं पडतात, फरक जास्त असेल तर बारीक. थर किती जाड दिलाय त्यानेही फरक पडतो. म्हणजे बघा, जाळं बारीक का मोठं हे वयावर नाही तर रेसिपीवर ठरतं, आणि मी आज सकाळी भट्टीतून काढलेल्या फुलदाणीवर तुमच्या लेखातल्या फोटोपेक्षा बारीक जाळं आहे. तिचं वय सांगू का, काही तास.

हे होताना ऐकूही येतं. भट्टी पूर्ण थंड व्हायच्या जरा आधी झाकण किलकिलं केलं की आतून टिंग... टिंग... असे आवाज सुरू होतात, आधी एखाददुसरा आणि मग चारी बाजूंनी, काचेची एकेक रेष फुटत असते. भांडं टेबलावर आणून ठेवलं तरी हे थांबत नाही, पुढे कित्येक दिवस, कधी कधी महिनोन् महिने अधूनमधून एखादी टिंग येत राहते. नवीन शिकणारे घाबरतात, बाई भांडं फुटतंय. मी म्हणते फुटू दे, तेच तर हवंय.

लगेच म्हणजे भांडं गरम आहे तोवर बघितलं तर रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, उजेडात तिरकं धरलं तर चमकतात तेवढ्याच. रंग आपण भरायचा असतो. पहिल्या मोठ्या रेषा पडल्या की मी ब्रशने काळी शाई सगळीकडे फासते, भांडं अगदी भयाण दिसतं तेव्हा, आणि मग ओल्या फडक्याने पुसून घेते, वरची शाई निघून जाते, रेषेत शिरलेली राहते. मग ते तसंच ठेवून द्यायचं. दरम्यान मोठ्या घरांच्या आत नवीन बारीक रेषा पडत असतात, त्या पुरेशा झाल्या की कडक चहाचं पाणी. पुसलं की काळ्या जाड रेषा आणि त्यांच्या मधे मधाच्या रंगाच्या बारीक रेषा, दोन वेगळी जाळी एकात एक. ही काही माझी अक्कल नाही. चीनमध्ये या दुहेरी जाळ्याला सोन्याचे धागे आणि लोखंडाच्या तारा म्हणतात आणि ते ज्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे ती ‘गऽ’ भांडी, सोंग राजघराण्याच्या काळातल्या भांड्यांचे जे पाच नामवंत प्रकार मानले जातात त्यातला एक. गऽ म्हणजे थोरला भाऊ. गोष्ट अशी सांगतात की लोंगछुआन भागात झांग आडनावाचे दोघे भाऊ वेगवेगळ्या भट्ट्या चालवायचे, धाकट्याचं ग्लेझ गुळगुळीत हिरवं आणि थोरल्याचं तडकलेलं. गोष्ट आहे, पुरावा नाही, आणि ही भांडी नेमकी कुठे आणि कधी बनली यावर तज्ज्ञांची भांडणं आजही मिटलेली नाहीत.

सोंग म्हणजे सन ९६० ते १२७९. त्या काळात दरबाराला भडक रंग नको होते, चित्रं नको होती, साधा आकार आणि जाड, दुधाळ, निळसर-हिरवट-करडं ग्लेझ एवढंच. मग त्या साध्या पृष्ठभागावर नक्षी कुठली, तर ग्लेझने स्वतःच काढलेली. सुरुवातीला ही नक्की चूकच असणार, कुठल्या तरी भट्टीतून माल तडकून निघाला असणार आणि कुणाच्या तरी डोळ्याला तो आवडला असणार, पण एकदा आवडल्यावर त्यांनी ती चूक इतकी बारकाईने हाताळली की बास. ११२७ मध्ये उत्तरेतली राजधानी खायफेंग हातची गेली आणि दरबार दक्षिणेला हांगझोऊला आला, तिथे सरकारी भट्ट्या नव्याने बांधल्या, त्यांच्या भांड्यांना ‘ग्वान’ म्हणजे सरकारी असं नाव आहे. त्यातली लाओहूदोंगची भट्टी १९९६ मध्ये सापडली आणि हांगझोऊला आता त्या भट्ट्यांचं म्युझियमही आहे. ग्वानच्या काही तुकड्यांचा छेद बघितला तर ग्लेझचा थर आतल्या मातीपेक्षा जाड असतो! एकावर एक असे कित्येक हात दिलेले. मातीकाम करणाऱ्या माणसाला हे वाचूनच घाम फुटतो, कारण इतकं जाड ग्लेझ कधी ओघळतं, कधी सरकतं, कधी फुगे धरतं, आणि यांनी ते जागच्या जागी उभं केलं.

त्या आधीची ‘रू’ भांडी तर आणखी दुर्मीळ, हनान प्रांतात छिंगल्यांगस इथल्या भट्टीतली, जगात मिळून शंभरही शिल्लक नाहीत. २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात एक छोटं रू भांडं, ब्रश धुवायचं, फक्त १३ सेंटिमीटर व्यासाचं, २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. त्याच्यावरही बारीक जाळं आहे. तेव्हा तुमच्या लेखात एका ठिकाणी ‘तडे असल्यास किंमत निम्मी धरावी’ असं जे वाक्य आहे ते कुठल्या तड्यांबद्दल आहे हे कृपा करून विचारा लेखकांना.

वयाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. अठराव्या शतकात छिंग घराण्याच्या योंगझंग आणि छ्यानलोंग बादशहांनी जिंगदेझन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावातल्या सरकारी भट्ट्यांत या जुन्या गऽ आणि ग्वान भांड्यांच्या नकला करून घेतल्या, चोरून नाही, अगदी उघड, आपल्या राजवटीचे शिक्के मारून. जाळी हुबेहूब. आणि छ्यानलोंग तर जुन्या भांड्यांचा असा वेडा की आवडलेल्या भांड्यांवर स्वतःच्या कविता कोरून घ्यायचा (आज कुणी असं केलं तर म्युझियमवाले आत टाकतील), पण कुठलं भांडं रू आणि कुठलं ग्वान यात त्याचीही गल्लत झालेली आहे. सगळा खजिना हाताशी असलेल्या बादशहाची ही गत, तर आपण नुसती जाळी बघून शंभर वर्षं म्हणायची हे जरा जास्तच झालं.

मग जाणकार बघतात काय? भांडं उलटं करतात. जुन्या ग्वान आणि गऽ भांड्यांची माती लोहयुक्त आणि काळपट असते, काठावर ग्लेझ ओघळून पातळ झालं की तिथून ती माती जांभळट तपकिरी डोकावते आणि बुडाच्या कडेला जिथे ग्लेझच नसतं तिथे ती लोखंडासारखी काळी दिसते. जांभळं तोंड आणि लोखंडी पाय असं चिनी लोक म्हणतात. नकला करणाऱ्यांनाही हे माहीतच होतं, म्हणून छिंग काळातल्या नकलांचं बूड पांढऱ्या मातीचं असलं तरी त्याला वरून काळपट लेप दिलेला असतो. म्हणजे तिथेही बघायचं ते असं की काळेपणा मातीत आहे का नुसता वर फासलाय. आजकाल नकली जुनी भांडी बनवणारे तर फार आळशी असतात हो, चहात नाहीतर बुटाच्या पॉलिशमध्ये अख्खं भांडं बुडवतात, मग जिथे वापरात कधी मळ लागणारच नाही अशा कोपऱ्यातही तोच एकसारखा तपकिरी रंग. भिंग घेऊन बुडाजवळ बघा, लगेच कळतं.

फ्रेंच पाद्री द’आंत्रकोल याने १७१२ साली जिंगदेझनबद्दल लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे, तिथली माती कशी मळतात, ग्लेझ कसं देतात, भट्टी कशी लावतात सगळं त्यात आहे. त्याने हे जाळीवालं पोर्सिलेनही बघितलं आणि लिहिलं की लांबून वाटतं हे फुटलेलं आहे आणि सगळे तुकडे आपापल्या जागी तसेच बसून राहिलेत. तीनशे वर्षं झाली या वाक्याला. त्यालाही पहिल्या नजरेत फुटलेलंच वाटलं, पण त्याने पुढे जाऊन ग्लेझ कशाचं करतात ते विचारलं आणि लिहून ठेवलं, हा फरक आहे.

(जाता जाता एक. ही भांडी बघायची तर चीन आणि तैवानबाहेर सगळ्यात भारी संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा, साधारण १७०० नग, रू, ग्वान, गऽ सगळं. हे गृहस्थ १८९२ मध्ये मुंबईत जन्मले, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी सर ससून डेव्हिड यांचे चिरंजीव. २०२४ मध्ये त्यांच्या संस्थेने तो अख्खा संग्रह म्युझियमला कायमचा देऊन टाकला. पुरवणीला चांगला विषय आहे, घ्या.)

आता सोनं. जपानमध्ये सोनं वापरतात हे खरं पण ते फुटलेल्या भांड्यासाठी. भांडं खरोखर फुटलं, तुकडे झाले की ते उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड देतात, त्याला किंत्सुगी म्हणतात. त्याचा ग्लेझच्या जाळ्याशी काडीचाही संबंध नाही, ग्लेझची रेष केसाहून बारीक, तिच्यात सोनं भरणार कुठे. इंटरनेटवर किंत्सुगीचे सुविचार इतके फिरतात की तडा दिसला की सोनं आठवतं असं झालंय लोकांना. जपानचंच उदाहरण द्यायचं होतं तर ओबोरी सोमाचं द्यायचं, फुकुशिमातल्या नामिए गावची भांडी, हिरवट निळ्या ग्लेझवर पसरलेली जाळी, त्यात काळी शाई आणि वर पळता घोडा. २०११ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर अख्खं गाव रिकामं करावं लागलं, कुंभार दुसरीकडे जाऊन बसले, आणि ग्लेझमध्ये जो तिथलाच दगड लागायचा तो मिळेनासा झाल्यावर त्याला पर्याय तयार करावा लागला. कारण दगड बदलला की आकसणं बदलतं आणि आकसणं बदललं की जाळी बदलते. बाहेरच्या माणसाला जे नुसते तडे वाटतात त्यासाठी हा सगळा खटाटोप.

हं, आता एक मान्य करायला हवं की सगळीच जाळी मुद्दाम पाडलेली नसते. जेवणाच्या पांढऱ्या ताटल्यांवर बऱ्याच वर्षांनी हळूच रेषा उमटतात त्या दोषच. ती माती पूर्ण पक्की झालेली नसते, सच्छिद्र असते, हवेतला आणि धुण्याचा ओलावा पीत पीत ती किंचित फुगते, ग्लेझ काही फुगत नाही, मग त्याला ताण बसतो आणि ते तडकतं. पक्क्या पोर्सिलेनमध्ये हे होत नाही कारण ते स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तर अशा तडकलेल्या ताटलीत तेल, मसाला, दुधाचे अंश आत मुरतात, डाग वरून पुसून जात नाहीत, ताटली कमकुवतही होते. जुन्या, कमी आचेवर भाजलेल्या रंगीत भांड्यांच्या ग्लेझमध्ये शिसंही असू शकतं, त्यात आंबट काही ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. त्यामुळे जाळीवालं शोभेचं भांडं शोभेलाच ठेवा, त्यातून खाऊपिऊ नका, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर चुकूनसुद्धा नको.

आणि खरा तडा, म्हणजे भांडंच चिरलंय, तो कसा ओळखायचा हे लेखात यायला हवं होतं. खरी चीर बहुतेक वेळा काठापासून निघते आणि एकटीच लांब जाते, आतून बघितलं तरी त्याच जागी दिसते, नख फिरवलं तर बऱ्याचदा अडतं. ग्लेझची जाळी मात्र सगळीकडे पसरलेली, रेषा एकमेकींना जाऊन मिळतात आणि आतली जाळी वेगळी, बाहेरची वेगळी. टिचकी मारून बघा असं सगळेच सांगतात पण जाळीदार भांड्याचा आवाज मुळातच थोडा बसका असतो, तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊन चांगलं भांडं नाकारू नका.

राहिलं ब्लीच. हे प्लीज नीट छापा. ब्लीचचं पाणी रेषांमधून आतल्या मातीत शिरतं, वरून कितीही धुतलं तरी त्यातले क्षार आत राहतात, भांडं वाळलं की ते क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि ग्लेझ आतून उचलतात, पापुद्रे सुटायला लागतात. हे लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतं, तोवर ब्लीचला कुणी दोषही देत नाही. शिवाय ज्या रेषांमधला रंग मुद्दाम भरलेला आहे तोच तुम्ही घालवताय, म्हणजे नक्षीच पुसताय. म्युझियममध्ये डाग काढायचे असतात तेव्हा ते काम शिकलेली माणसं करतात, वेगळी रसायनं वापरून आणि मोजूनमापून. घरी मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, अगदीच वाटलं तर किंचित ओलसर फडकं, आणि पाण्यात बुडवून ठेवू नका. फुलं ठेवायची हौस असेल तर आत एक साधा काचेचा ग्लास ठेवा आणि त्यात पाणी घाला.

या पत्रानंतर कुणी म्हणेल बाई एवढ्याशा फुलदाणीवरून केवढं रामायण. पण तुमचा पेपर लोक विश्वासाने वाचतात, कुणाच्या तरी घरी आजीची जाळीदार फुलदाणी शोकेसमध्ये असणार आणि रविवार दुपारी पुरवणी वाचून ती ब्लीचच्या बादलीत गेलेली असणार. निदान पुढच्या रविवारी त्याच पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापा, बाकी वयाचं आणि सोन्याचं नंतर सावकाश बघू. आणि ज्यांनी आधीच बुडवून ठेवलंय त्यांना एवढंच सांगा की भांडं बाहेर काढून साध्या पाण्यात ठेवा, ते पाणी पुन्हा पुन्हा बदला, घाई करू नका, मग सावलीत हळूहळू वाळू द्या, उन्हात किंवा हीटरसमोर नाही.

आपली,
मातीकाम करणारी एक वाचक